पावणेदोनशे म्हणजे दोनशे नव्हे : मेंटेनर मंडळींना खुलं पत्र

प्रिय मेंटेनर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सांभाळता त्या मराठी आकडे वाचणाऱ्या लायब्ररीत (इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये) पायथॉन भाषेवर आणि बाकीच्या पॅकेजेसवर "अमुक व्हर्जनच्या खालीच" अशा ज्या वरच्या मर्यादा घातल्या आहेत, त्या काढा, हेच सगळं मी आधी इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची तक्रार) म्हणून लिहिलं होतं. तो इश्यू तुम्ही एका ओळीत बंद केलात, की व्हर्जनच्या मर्यादा ही प्रोजेक्टची पॉलिसी आहे आणि ती बदलणार नाही. त्यानंतर मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे तयार दुरुस्ती, पाठवली, ती पाच महिने तशीच पडून आहे. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. लायब्ररीचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, वापरणाऱ्यांना ती लगेच ओळखू येईल आणि बाकीच्यांना नावाचं काही काम नाही, त्यांच्या एखाद्या लायब्ररीतही बहुतेक हेच चालू असेल.

मी नागपूरचा, प्रतापनगरात राहतो, आयटी पार्कच्या मागे एका खोलीत आम्ही तिघं मिळून सॉफ्टवेअरचं काम करतो. काटोल-नरखेड भागातल्या संत्रा शेतकऱ्यांच्या एका गटाचं हिशोबाचं ॲप आमच्याकडे आहे. बागेतून गाडी भरून निघाली की शेतकरी व्हॉट्सॲपवर आवाजात सांगतो, "पावणेदोनशे कॅरेट भरले, गाडी निघाली", त्या आवाजाचा मजकूर होतो, मजकुरातून तुमची लायब्ररी आकडा काढते आणि कळमन्याच्या मार्केट यार्डात गाडी पोचायच्या आधी पावती तयार असते. एवढंच काम. पण हे एवढंसं काम दुसरी कुठलीच लायब्ररी नीट करत नाही. देवनागरी आकडे तर पायथॉनला स्वतःलाच समजतात, त्याच्या इंट या फंक्शनला '१७५' दिलं की तो बिनबोभाट एकशे पंच्याहत्तर देतो, पण शेतकरी आकडे बोलत नाही ना, तो सव्वाशे म्हणतो, दीडशे म्हणतो, अडीचशे, साडेतीनशे, पावणेचारशे म्हणतो, आणि एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला आपल्याकडे वेगळा शब्द, एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकताना आपलीच गडबड होते तिथे मशीनचं काय. तुम्ही लोकांनी हे सगळं बसून, विनामोबदला, नोकऱ्या सांभाळून केलंत. ते मी कधी विसरत नाही, आणि म्हणूनच गप्पही बसवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. "पावणेदोनशे" हा शब्द जोडून लिहिला तर जुन्या व्हर्जनमध्ये "पावणे" गळून जायचं आणि उत्तर दोनशे यायचं. मध्ये जागा सोडून "पावणे दोनशे" लिहिलं तर बरोबर एकशे पंच्याहत्तर. ही चूक २०२२ मध्ये मीच शोधली आणि मीच दुरुस्त केली. माझं ओपन सोर्समधलं ते पहिलं मर्ज झालेलं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलेलं, काम. तुमच्यापैकी एकाने खाली लिहिलं होतं, "छान, टेस्टसकट पाठवलंत." त्या दिवशी मी सीताबर्डीवरून घरी पेढे घेऊन गेलो होतो.

आता २०२४ च्या नोव्हेंबरात काय झालं ते सांगतो.

आंबिया बहाराचा संत्र्याचा माल जोरात चालू होता. आमचा सर्व्हर जुना झाला होता म्हणून आम्ही नवीन घेतला, त्यावर उबंटू २४.०४, म्हणजे आपोआप पायथॉन ३.१२ आलं. पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने, सगळं इन्स्टॉल केलं, एक लाल ओळ आली नाही. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. (आमच्या टेस्टमध्ये "पावणे दोनशे" जागा सोडून लिहिलेलं होतं, हे नंतर कळलं.) चौथ्या दिवशी पहाटे कळमन्यातून फोन. पावतीवर दोनशे कॅरेट, गाडीत मोजले तर एकशे पंच्याहत्तर. पंचवीस कॅरेट कमी. आणि पंचवीस कॅरेट कमी म्हटल्यावर तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी कोणाकडे पाहिलं असेल? ड्रायव्हरकडे. गटाची गाडी कितीतरी हंगाम चालवणारा माणूस, त्याला यार्डात पंधरा-वीस जणांसमोर विचारलं की वाटेत कुठे उतरवले.

शेतकऱ्याने आपला स्वतःचा आवाज सगळ्यांना वाजवून दाखवला तेव्हा दुपार झाली होती. मला फोनवर म्हणाला, "काहून भाऊ, तुमची मशीन पावणेदोनशेले दोनशे म्हणते का?" आणि ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशीपासून गटाची गाडी सोडली. मी त्याला भेटायला गेलो, माफी मागितली, तो शांतपणे एवढंच बोलला, "हिशोब मशीननं चुकवला अन् चोर मले म्हणलं." तो परत आला नाही.

रात्री सर्व्हरवर बसून पाहिलं तर तुमच्या लायब्ररीचं २०२१ चं व्हर्जन बसलेलं. तीन वर्षं जुनं. माझ्या दुरुस्तीच्या आधीचं.

असं का झालं हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांना असेलच असं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या रिलीजमध्ये माझी दुरुस्ती गेली त्याच रिलीजपासून तुम्ही पोएट्री या पॅकेज बांधायच्या टूलवर आलात. त्यावेळच्या तुमच्या एका डिपेंडन्सीने, म्हणजे तुमची लायब्ररी ज्याच्यावर उभी आहे अशा एका पॅकेजने, पायथॉनवर वरची मर्यादा घातलेली होती, आणि पोएट्रीचं असं आहे की डिपेंडन्सीने मर्यादा घातली की तुम्हालाही तीच घालायला लावतं, नाहीतर ते पुढे जात नाही. तुम्ही "पायथॉन ३.११ च्या खाली" लिहिलंत. पुढे ती डिपेंडन्सी काढून टाकलीत, पण मर्यादा राहिली, पुढच्या रिलीजमध्ये ३.१२ च्या खाली झाली, आणि तिथेच थांबली. आता पिप काय करतं? रिक्वायर्स-पायथॉन, म्हणजे कुठलं पायथॉन चालेल ही पॅकेजमधली नोंद, तिच्यात न बसणारी सगळी व्हर्जन्स ते बाजूला ठेवतं आणि मागे मागे जात पहिलं बसणारं उचलतं. २०१६ मध्ये पिप ९ पासून ही सोय आली ती कशासाठी, तर पायथॉन २ सोडणाऱ्या लायब्ररीज पायथॉन २ वाल्यांच्या अंगावर पडू नयेत, जुन्या पायथॉनला जुनं व्हर्जन मिळावं. खालच्या टोकासाठी ती सोय फार चांगली आहे. वरच्या टोकाला तीच उलटी चालते, नव्या पायथॉनला जुनं व्हर्जन देते. का, तर जुन्या व्हर्जनमध्ये मर्यादा लिहिलेलीच नव्हती! पिपच्या नजरेत २०२१ चं तुमचं व्हर्जन पायथॉन ३.१२ वर बिनधास्त चालणारं आणि २०२४ चं न चालणारं. आणि मर्यादेत बसणारं काहीतरी सापडलं की ते मुकाट्याने इन्स्टॉल करतं, मी इतकी व्हर्जन्स वगळली असं सांगत नाही. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस आणतं त्या साठ्यावर, एकदा चढवलेल्या रिलीजची ही माहिती नंतर बदलता येत नाही, म्हणजे तुम्ही आज कितीही मर्यादा घाला, मागचं दार उघडंच राहणार.

तुम्ही म्हणाल लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहून ठेवणारी फाइल, का नव्हती. नव्हती. ती आमची चूक, संपूर्ण आमची, आणि ड्रायव्हरच्या घरी मी तेच सांगितलं. त्या रात्रीच आम्ही प्रत्येक पॅकेजचं व्हर्जन हॅशसकट बांधून टाकलं. ॲप लिहिणाऱ्याने व्हर्जन बांधायलाच पाहिजेत हे मला मान्य आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याच दुसऱ्या बाजूवर उभं आहे. कारण बांधायला गेलो तर बांधता येईना.

तुमचं नवीन व्हर्जन हवं असं लिहिलं, तर ३.१२ वर पिप म्हणे असं व्हर्जनच नाही. बरं, वेगळं पायथॉन ३.११ बसवलं. मग नमपाय, आकडेमोडीचं पॅकेज. फोटोवरून संत्र्याची प्रतवारी करायचं एक काम आम्ही त्याच ॲपमध्ये जोडत होतो, त्या पॅकेजला नमपाय २ लागतं, तुमची मर्यादा नमपाय २ च्या खाली. पिपने हात वर केले, रिझोल्यूशन इम्पॉसिबल, म्हणजे दोन्ही अटी एकत्र बसत नाहीत. दोन-तीन दिवस मी तो लाल मजकूर बघत होतो. शेवटी तुमचा कोड उघडून पाहिला की नमपाय २ मध्ये नेमकं काय मोडतं, तर दोन जागा निघाल्या, एका ठिकाणी कॅपिटल अक्षरांतलं एनपी डॉट नॅन आणि एका ठिकाणी एनपी डॉट फ्लोट अंडरस्कोर. दोन्ही नावं नमपाय २ मध्ये काढली आहेत, आणि त्यांना पर्याय असलेली स्मॉल अक्षरांतलं नॅन आणि फ्लोट६४ ही नावं नमपाय १ मध्येही होतीच. म्हणजे बदल केला तर दोन्हीकडे चालतं. रफ नावाचं टूल अशा जागा स्वतः शोधून देतं, त्यात त्यासाठी वेगळा नियमच आहे. दोन ओळींची दुरुस्ती, ती पाठवली, तीच ती पाच महिने पडून असलेली.

तुमची बाजू मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असं अजिबात नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत मार्कअपसेफ या पॅकेजचं २.१ आलं, त्यातून एक जुनं फंक्शन काढलं, आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या जिंजा या टेम्प्लेटच्या पॅकेजच्या जुन्या व्हर्जनवर बसलेले कितीतरी प्रोजेक्ट एका सकाळी बंद पडले, कारण जिंजाने वरची मर्यादा घातली नव्हती. आमचाही एक पडला होता. नमपाय २ चं तर विचारूच नका, २०२४ च्या जूनमध्ये आलं, २००६ नंतरचं पहिलं मोठं व्हर्जन, आणि नमपाय १ वर कंपाइल केलेली पॅकेजेस त्याच्याबरोबर चालेनात. ज्यांच्या लायब्ररीत सी मधला कोड आहे त्यांनी "२ च्या खाली" लिहिलं ते बरोबरच लिहिलं, त्यांना काय मोडणार हे आधीच माहीत होतं. पण तुमची लायब्ररी शंभर टक्के पायथॉन आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही अंदाज बांधलात.

आणि मार्कअपसेफच्या त्या सकाळी आम्ही काय केलं ते आठवतं? आपल्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, मार्कअपसेफ बरोबर २.०.१, आणि दहा मिनिटांत काम सुरू. माझ्यासाठी सगळा मुद्दा इथे आहे. लायब्ररीने मर्यादा घातली नसेल आणि उद्या काही मोडलं, तर मी माझ्या घरात बसून मर्यादा घालू शकतो. लायब्ररीने घातली असेल आणि ती चुकीची असेल, तर मी ती काढू शकत नाही. पिपमध्ये तशी सोयच नाही. यूव्ही या पिपसारख्या टूलमध्ये ओव्हरराइड, म्हणजे ती मर्यादा डावलायची सूचना, लिहिता येतं, पण ते माझ्या ॲपपुरतं, माझ्यावर उभी असलेली दुसरी लायब्ररी असेल तर तिला त्याचा उपयोग शून्य. आतून कडी घरच्या माणसाने लावली तर ती त्याला काढता येते हो, तुम्ही बाहेरून कुलूप लावून चावी सोबत घेऊन गेलात.

पूर्वी हे इतकं बोचत नव्हतं त्याचंही कारण आहे. जुनं पिप अशा भांडणांकडे कानाडोळा करायचं, एक इशारा छापायचं आणि पुढे जायचं. २०२० च्या नोव्हेंबरअखेर पिप २०.३ आलं आणि नवा रिझॉल्व्हर (कोणती व्हर्जन्स एकत्र बसतात ते ठरवणारा भाग) सगळ्यांना लागू झाला, तेव्हापासून लिहिलेली प्रत्येक मर्यादा अक्षरशः पाळली जाते. म्हणजे आता ती फाइल लिहिणाऱ्याचा शब्द कायद्यासारखा चालतो, आणि कायद्यासारखा चालतो म्हणून जपून लिहायला पाहिजे.

पुन्हा, ही मर्यादा वाचवते तरी कशापासून? तुमच्या कागदपत्रात लिहिलंय की पुढच्या मोठ्या व्हर्जनच्या खाली राहिलं की सुरक्षित. ते सेमँटिक व्हर्जनिंग, म्हणजे मोडणारे बदल फक्त मोठ्या व्हर्जनमध्येच करायचे हा नियम, जो काटेकोर पाळतो त्याच्याबाबत. नमपायने एनपी डॉट इंट, एनपी डॉट फ्लोट ही नावं वापरू नका असा इशारा १.२० मध्ये दिला, २०२१ च्या जानेवारीत, आणि ती काढून टाकली १.२४ मध्ये, २०२२ च्या डिसेंबरात. काय मोडायचं ते १.२४ मध्ये मोडलं आणि तुमचं कुंपण होतं २ वर. पायथॉनचंही तेच, डिस्टयूटिल्स ३.१२ मध्ये गेलं, कलेक्शन्समधली जुनी नावं ३.१० मध्ये गेली, पायथॉन ४ ची वाट कोणी पाहिली नाही. दोघंही आधी इशारा देतात, भरपूर वेळ देतात. तो इशारा टेस्टमध्ये दिसायला हवा असेल तर इशाऱ्यालाच एरर समजून टेस्ट चालवाव्या लागतात. तुमच्या सीआयमध्ये, म्हणजे दर बदलानंतर आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये, तर इशारे दाबून ठेवले आहेत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण जी गोष्ट वर्ष-दोन वर्षं आधी कळली असती ती आपण ऐकायचीच नाही म्हटलं आणि वरून दार लावून घेतलं.

आता पिलो, फोटो हाताळणारं पॅकेज. हा मुद्दा छोटा वाटेल पण माझ्या मते हाच सर्वांत गंभीर आहे. तुमच्या लायब्ररीत पावतीचा फोटो साफ करून देणारा एक भाग आहे, तो आम्ही वापरत नाही, पण त्याच्यासाठी पिलो सगळ्यांना घ्यावं लागतं आणि तेही १० च्या खालचं. कारण काय, तर पिलो १० मध्ये, २०२३ च्या जुलैमध्ये, अँटीअलायस हे नाव काढलं. ते नाव म्हणजे फोटो लहान-मोठा करायच्या लँझोस या पद्धतीचंच दुसरं नाव होतं, लँझोस तेव्हाही होतं, आजही आहे, एका शब्दाचा बदल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेबपी प्रकारचे फोटो वाचणाऱ्या लायब्ररीतलं ते मोठं भोक उघडं पडलं, त्याचा नोंद-क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३, एखादा मुद्दाम बनवलेला फोटो उघडला की समोरच्याला आत शिरायला वाट. ब्राउझरवाल्यांनी धावपळ करून अपडेट काढले, पिलोने १०.०.१ मध्ये दुरुस्त केलेली लायब्ररी आत घातली. तुमच्या मर्यादेमुळे तुमच्या एकाही वापरकर्त्याला ते १०.०.१ मिळू शकत नव्हतं, आणि आजही नाही. पिप-ऑडिट हे अशी भोकं शोधणारं टूल चालवलं की आमच्याकडे दर वेळी तीच ओळ येते. शेतकरी व्हॉट्सॲपवरून आलेले वाट्टेल ते फोटो पाठवतात, उद्या आम्ही तो भाग वापरायला घेतला तर? एक शब्द बदलायचा कंटाळा म्हणून एवढी जोखीम दुसऱ्यांच्या माथी मारायची, हे मला पटत नाही.

आणि हे सगळं ज्या पद्धतीने आलं त्याबद्दलही बोलायला हवं. पँडाज या तक्त्यांच्या पॅकेजवरची मर्यादा तुम्ही एका बगफिक्स रिलीजमध्ये घातलीत, शेवटचा आकडा फक्त एकने वाढवून, आणि बदलांच्या यादीत तिचा उल्लेख नाही. कोणती मर्यादा का आहे, कशामुळे, ती कधी निघणार, याची एक टिप्पणी कुठे नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की जे टेस्ट केलेलं नाही त्याला सपोर्ट म्हणता येत नाही. कबूल! मग तसं सांगायला क्लासिफायर (पॅकेजवरची माहितीची लेबलं) आहेत, रीडमी आहे, तिथे लिहा की आम्ही ३.११ पर्यंतच तपासलंय, पुढचं तुमच्या जबाबदारीवर. "तपासलं नाही" आणि "चालत नाही" यात जो फरक आहे तो तुम्ही पुसून टाकलात. उलट खालची मर्यादा, जी नीट लिहायलाच हवी, ती तुमच्याकडे जवळजवळ नाहीच, पँडाजचं कुठलंही जुनं व्हर्जन चालेल असं ती फाइल म्हणते आणि प्रत्यक्षात १.५ च्या खाली तुमचं टेबल वाचणारं फंक्शन पहिल्याच ओळीत पडतं, मी चालवून पाहिलंय.

मला कल्पना आहे की तुम्ही तिघं-चौघं आहात. दर आठवड्याला कुणीतरी येऊन हे चालत नाही ते चालत नाही म्हणतो, पैसा कोणी देत नाही, आणि मर्यादा घातली की निदान तक्रारी थांबतात. रात्री अकरा वाजता मुलं झोपल्यावर इश्यू बघणाऱ्या माणसाला मी काय शिकवू. पण तक्रारी थांबल्या याचा अर्थ त्रास थांबला असा होत नाही ना, तो कळमन्याच्या यार्डात एका ड्रायव्हरपर्यंत गेला, आणि तो माणूस तुमच्याकडे इश्यू टाकायला कधीच येणार नव्हता.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

पायथॉनवरची वरची मर्यादा काढा. कुठल्याही अटीशिवाय, पुढच्याच रिलीजमध्ये. खालची ठेवा.

पायथॉन मर्यादा येण्याआधीची, म्हणजे २०२१ पर्यंतची, चुकीचे आकडे देणारी रिलीजेस यँक करा. डिलीट करू नका, यँक, म्हणजे ज्याने बरोबर तेच व्हर्जन बांधून ठेवलंय त्याला ते मिळत राहील पण पिप स्वतःहून मागे जात कोणाच्या गळ्यात ते बांधणार नाही. पायपीआयवर लॉगिन करून काही क्लिकचं काम आहे, कारणही लिहिता येतं. मागण्यांपैकी एकच आज रात्री करणार असाल तर ही करा, कारण आमच्यासारखा आणखी कुणीतरी आत्ता या क्षणी नवीन सर्व्हर लावत असेल.

नमपाय, पँडाज, पिलो यांच्या मर्यादा काढा. एखाद्या व्हर्जनमध्ये खरोखर बिघाड असेल तर तेवढंच एक व्हर्जन वगळा, पुढची सगळी कशाला? आणि माहीत असलेल्या कारणासाठी मर्यादा घालावीच लागली तर तिच्या शेजारी इश्यूचा नंबर लिहा, ती कशाने निघेल ते लिहा, आणि बदलांच्या यादीत सर्वांत वर लिहा. तुमच्या स्वतःच्या मशीनवर आणि सीआयमध्ये जे बांधायचं ते खुशाल बांधा, त्यासाठी लॉक फाइल आहे, कन्स्ट्रेंट्स फाइल आहे, ती वापरणाऱ्यांपर्यंत येत नाही.

फोटोचा भाग एक्स्ट्रा, म्हणजे हवा त्यानेच घ्यायचा भाग, म्हणून वेगळा करा. ज्याला फक्त "साडेतीनशे" वाचायचंय त्याला पिलो का?

सीआयमध्ये दोन गोष्टी वाढवा. एक, आठवड्यातून एकदा सगळ्या डिपेंडन्सीजच्या प्री-रिलीज (अधिकृत होण्याआधीची व्हर्जन्स) घेऊन टेस्ट, इशाऱ्यांना एरर मानून. दोन, सर्वांत खालच्या व्हर्जनवर टेस्ट, यूव्हीमध्ये त्यासाठी लोएस्ट-डायरेक्ट असा पर्याय आहे, म्हणजे खालच्या मर्यादा खऱ्या ठरतील. हे मी नुसतं सांगत नाही, दोन्हीच्या फाइल्स लिहून माझ्या फोर्कवर (तुमच्या कोडच्या माझ्या प्रतीवर) महिनाभर चालवतोय, त्या पुल रिक्वेस्टला जोडल्या आहेत. आठवड्याची ती टेस्ट पडली तर पहिला इश्यू माझ्या नावावर लावा, दर शनिवारी सकाळी मी दोन तास त्याच कामाला देईन, लेखी देतो. आमच्या ऑफिसातली दुसरी मुलगी पिलोच्या भागाची जबाबदारी घ्यायला तयार आहे, तिने अँटीअलायसचा बदल करून ठेवलाय.

आणि शेवटची मागणी, "पावणेदोनशे" च्या टेस्टमध्ये जोडून लिहिलेला शब्द रिलीजच्या आधी इन्स्टॉल झालेल्या पॅकेजवरून तपासला जावा, नुसत्या सोर्सवरून नको. सोर्समध्ये तो २०२२ पासून बरोबरच आहे.

आम्ही सध्या आमच्या फोर्कवर चालतोय. फोर्क घेऊन वेगळी चूल मांडायची माझी इच्छा नाही, मराठी आकड्यांसाठी दोन लायब्ररीज आणि दोघींत अर्धी अर्धी माणसं, हे कोणालाच परवडणारं नाही, आणि तुम्ही जे दहा-बारा वर्षांचं शब्दांचं काम करून ठेवलंय ते तुमच्याकडेच शोभतं. मृग बहाराचा माल फेब्रुवारीत यायला लागेल. तेव्हा गटाच्या सर्व्हरवर तुमचं अधिकृत रिलीज बसवता यावं एवढीच मुदत मी मनात धरली आहे. पुल रिक्वेस्ट उघडी आहे, कॉन्फ्लिक्ट कालच सोडवून ठेवले आहेत, मर्जचं बटण हिरवं आहे.

तुमचा,
एक वापरकर्ता आणि २०२२ चा एक काँट्रिब्युटर
प्रतापनगर, नागपूर